सहासष्टचे तेहतीस

आदिलाबादला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे अनंतराव गिरदावर कोणत्याही वस्तूला हात लावायच्या आधी तिचा पंचनामा लिहीत. थट्टा करत नाही मी. एकदा रागाच्या भरात मी एक लाल रबरी चेंडू भिंतीपलीकडे भिरकावला. तासाभरात साहेब कागद घेऊन आमच्या दारात हजर. चष्मा वर करून वाचायला लागले, "मौजे आदिलाबाद. अंगण पूर्वमुखी. तुळशीपासून दोन हातांवर रबरी चेंडू एक, रंग लाल, बेवारस पडलेला आढळला. फेकणारा कोण, याची तहकीकात बाकी आहे."

मी म्हणालो, "साहेब, मीच फेकला. ठेवा तुमच्यापाशी."

"असं तोंडी चालत नाही, मिस्त्री. इथं सही करा."

मी दार लावून घेतलं. का लावलं ते सांगायला हवं.

मी शिकलेला माणूस नाही. भीमपूरकडच्या आमच्या गावात तिसरीपर्यंत गेलो, मग आदिलाबादला येऊन कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो आणि फिटर झालो. पण सही येते मला. हजेरीच्या वहीत बाकीचे अंगठा लावायचे आणि मी 'गणपत मिस्त्री' असं पुरं लिहायचो, शेवटच्या वेलांटीला शेपूट काढून. नोकरी संपल्यावर दोन वर्षांनी उजव्या अंगाला लकवा मारला. पाय महिन्याभरात चालू झाला. हात काही झाला नाही. रेशनच्या दुकानात तो माणूस म्हणाला, "अंगठा लावा बाबा." मी तसाच परत आलो आणि रेशनच सोडलं. घरची बोलली, मी ऐकलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चेंडू दिला, रोज दाबत जा म्हणाले. मी घरचीला म्हणालो, "चेंडू खेळाले मी काय लेकरू हाव?" आणि चेंडू भिंतीपलीकडे गेला.

गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचा माणूस. साहेबांची सारी नोकरी शेताशेतांतून हिंडून बांध, विहिरी, झाडं पाहण्यात गेली. पाहायचं, लिहायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. नोकरी संपली पण लिहिणं संपलं नाही. मांजरीनं दूध सांडलं, पंचनामा. करंट गेला, पंचनामा. कोणी त्यांच्यासमोर म्हणालं की औंदा पाऊस कमी दिसतो, की साहेब बोट वर करत, "मौका पाहिल्याशिवाय बोलू नका." मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. सगळे कागद एका लाल फडक्यात बांधलेले असत, त्याला ते बस्ता म्हणत आणि एका प्रकरणाच्या फाइलला मिसल. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. घरात ते एकटे आणि तो बस्ता.

चेंडूनंतर दोन महिन्यांनी त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला. मुलाच्या हापिसातला जुना होता. आमच्या गल्लीत पहिलाच. त्याचाही पंचनामा झाला, मी समोर होतो. "पांढरी पेटी एक. वर काचेचा पडदा. पेटीच्या छातीवर लाल दिव्यात आकडा सहासष्ट. कारण अज्ञात."

मग मला म्हणाले, "मिस्त्री, मी कागदाचा माणूस. ही मशीन आहे. मशीन तुम्हालाच कळणार."

असं म्हटल्यावर मी थोडाच नाही म्हणणार. त्या पेटीत एक मोटारीचा खेळ होता. मोटार पळते, रस्त्यात पूल येतात, वळण चुकलं की नदीत. साहेब बसले की पहिल्याच पुलावरून खाली. "पाहा, माझ्याच्यानं होत नाही. मुलगा फोनवर विचारतो, शेवटपर्यंत गेलात का? मी काय सांगू त्याला? तेवढं करून द्या."

मोटार वळवायच्या बाणांच्या चाव्या उजव्या अंगाला असतात. मी डावा हात घातला तर म्हणाले, "नियमानं उजवा. डावा आडवा येतो, मला लिहिताना पडदा दिसत नाही." कुठला नियम ते मी विचारलं नाही. हापिसातल्या माणसाला नियम विचारायची सवय आमच्याकडे कोणाला नाही.

दुपारी चारला करंट आला की मी जायचो. श्रावणात माझी मोटार पहिल्या पुलावरच पडे. बोटं चावीवर ठेवायची तर डाव्या हातानं उचलून ठेवावी लागत. पोळ्याला पहिला पूल ओलांडला. घटस्थापनेला तिसरा. शेजारी खुर्चीवर साहेब गुडघ्यावर फळी ठेवून लिहीत असायचे. लिहून झालं की कागद पुढे करत. "पंच नंबर एक, सही."

"साहेब, मी अंगठा लावत नसतो. सही येईल तवा करीन."

"असू द्या. जागा राखून ठेवली आहे."

दसऱ्याच्या दिवशी मल्लेश सर आले. गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत, तेलुगू माणूस, दोन मुलांचा बाप, स्वभावानं गरीब. मुलानं हैदराबादहून नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्यांची चळत पाठवली होती, ती त्यांनी सकाळपासून एकेक घालत दुपारी बसवली. आधी नुसती काळी पाटी असे, आता निळं आभाळ, घड्याळ, चित्रं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, आज शस्त्रांची पूजा. जिनिंगमध्ये तुम्ही करत होता ना? हिचीही करा. उजव्या हातानं."

केली. जिनिंगमध्ये दर दसऱ्याला मी प्रत्येक मशीनला अंगठ्यानं हळद-कुंकू लावायचो, चांगलं दाबून, दिवाळीपर्यंत टिकलं पाहिजे असं. तसंच पेटीला लावलं. झेंडूची माळ छातीवर आडवी घातली. कोजागरीपर्यंत माळ काढायची नाही, असा साहेबांचा हुकूम झाला. एकमेकांना जम्मीची, म्हणजे शमीची, पानं दिली आणि मी खेळायला बसलो.

मोटार चालेना. म्हणजे चालायची, पण बैलानं चिखलात पाय ओढावा तशी. झटके देत जाई. चावी दाबली की वळण निघून गेल्यावर वळे. पहिल्या पुलावरून नदीत. पुन्हा बसलो, पुन्हा नदीत. दहा वेळा.

मल्लेश सर म्हणाले, नवी सिस्टीम जड आहे, मेमरी कमी पडत असेल. दुसऱ्या दिवशी तहकीकात सुरू झाली. मल्लेश सर भराभर चार गोष्टी बदलायला निघाले तर साहेबांनी त्यांचा हात धरला. "एका वेळी एक. नाहीतर कोणत्या बांधानं पाणी अडवलं ते कळणार कसं?" आधी निळं आभाळ काढलं. मोटार तशीच. आवाज बंद केला. तशीच. मागे गुपचूप चालणारी दोन-तीन कामं बंद केली. तशीच. प्रत्येक वेळी साहेब लिहीत, "फरक नाही," आणि मी नदीत.

तिसऱ्या दिवशी मल्लेश सरांनी नवी सिस्टीम बाजूला ठेवून मशीन जुन्या काळ्या पाटीवर सुरू केली. म्हणाले, आता तरी पळायला पाहिजे. मी बसलो. नदीत.

मल्लेश सरांनी मशीन बंद केली. मग हळूच म्हणाले, "मशीन बागाने उंदी, सार." मशीन चांगली आहे. आणि माझ्याकडे न पाहता बोलले, "तातगारू का हाथ ही थोडा स्लो हो गया होगा." तातगारू म्हणजे आजोबा, म्हणजे मी.

मी उठलो. जुनी सिस्टीम तीच, खेळ तोच, मग उरलं काय? हात. तीन महिन्यांत आलेला होता तेवढा परत गेला. घरी आलो आणि पडून राहिलो. घरची म्हणाली, "काऊन, आज लवकर?" मी म्हणालो, "दिवा लाव." दिवा आधीच लागलेला होता. रेशनच्या दुकानातला तो निळ्या शाईचा पॅड डोळ्यांपुढून हलेना.

दोन दिवस गेलो नाही. कोजागरीच्या दिवशी चारला साहेब कागद घेऊन दारात.

"पंच गैरहजर असल्यानं काम खोळंबलं आहे."

"साहेब, हात गेला. लिहून टाका, मिसल बंद करा."

"मौका पाहिल्याशिवाय मी आजवर काही लिहिलेलं नाही."

"सरांनी पाह्यला ना."

"सरांनी मशीन पाहिली. मौका नाही पाहिला. चला, तुमच्याशिवाय वाचन होत नाही."

मी हट्टी आहे, पण ते माझ्यापेक्षा हट्टी. गेलो. मल्लेश सरांनाही बोलावलं होतं. साहेबांनी बस्ता सोडला, कॉम्प्युटर आला त्या दिवसाचा पंचनामा काढला आणि हद्दीचे दगड तपासतात तसं एकेक कलम वाचायला लागले. आमचं काम फक्त पाहून हो म्हणायचं.

"पांढरी पेटी एक."

"आहे," मल्लेश सर म्हणाले.

"वर काचेचा पडदा."

"आहे."

"पेटीच्या छातीवर आकडा सहासष्ट."

छातीवर वाळलेली माळ होती. साहेब म्हणाले, "कोजागरी आली. काढा." मी माळ उचलली. अक्षरं मला अडतात, आकडे अडत नाहीत. जन्मभर प्रेशरचे काटे वाचले आहेत.

"साहेब, तेहतीस हाये."

"नीट पाहा."

"नीटच पाह्यलो. तेहतीस."

मल्लेश सर पुढे वाकले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आकड्याखाली एक चपटं बटण होतं, मशीन जलद किंवा हळू करायचं. ते आत दबलं होतं, म्हणून मशीन दसऱ्यापासून अर्ध्या चालीनं चालत होती. नवी सिस्टीम असो की जुनी, त्याला काय. आणि बटणावर सुकलेल्या हळद-कुंकवाचा ठसा होता, चांगला रुंद.

सगळ्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पूजा कोणी केली?" साहेबांनी विचारलं, जसं काही ते तिथं नव्हतेच.

"मीच."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"नक्की उजव्या?"

"तुमीच म्हणाले ना उजव्यानं कर म्हणून."

"मल्लेश, ते बटण दाबून पाहा. कडक आहे की मऊ?"

मल्लेश सरांनी दाबलं. खट् झालं, आकडा सहासष्ट झाला. "टाइट है सार, काफी टाइट."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. "गुन्हा कबूल आहे, मिस्त्री?"

"कबूल हाये. आता खेळू का?"

त्या दिवशी मी तिन्ही पूल ओलांडले, घाट चढलो आणि जिथं झेंडा लावलेला असतो तिथं पोचलो. पहिल्यांदाच. साहेब "चहा टाकतो" म्हणून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात पाण्याचे तीन पेले. चहाचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मला वाटलं, मशीन सुधारली म्हणून खूश झाले असतील. मल्लेश सरांनी पाणी चहासारखं फुंकून प्यायलं, साहेबांना वाईट वाटू नये म्हणून.

पुढे दोन वर्षं मी रोज जात होतो. मग साहेबांची नजर कमी झाली आणि मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. निघताना मशीन आमच्याकडे ठेवली आणि बस्ता माझ्या हातात दिला. म्हणाले, "मिसल अपुरी आहे. सह्या बाकी आहेत."

मला वाचायला वेळ लागतो. आठवडा लागला. फडकं सोडलं तर वर लाल चेंडू, दोऱ्यानं कागदाला बांधलेला. खाली ठळक अक्षरांत मिसलेचं नाव: 'गणपत मिस्त्री यांचा उजवा हात.'

मोटारीचा पंचनामा असा त्यात नव्हताच. "मिस्त्री चेंडूला हात लावत नाहीत. मशीनला लावतील असा अंदाज. मुलाकडून कॉम्प्युटर मागवला, कारण कळवलं नाही." "आज करंगळी आपोआप हलली. त्यांच्या ध्यानात आलं नाही. सांगितलं नाही, रागावतील." "मी मुद्दाम नदीत पडतो. हा खेळ पाहिला की माझं डोकं फिरतं." कोजागरीच्या कागदावर होतं, "कडक बटण उजव्या अंगठ्यानं दाबलं गेलं. आषाढात या अंगठ्यानं कागद धरवत नव्हता. मशीनचं काहीही होवो." आणि त्याच्या आधीच्या दोन दिवसांच्या कागदांवर एकेकच ओळ. "पंच आले नाहीत. दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही."

खाली प्रत्येक कागदावर पंच नंबर एकची जागा, रिकामी.

मी ओट्यावर बसून सह्या केल्या. दोन दुपारी गेल्या. पहिल्या काही वाकड्या आल्या, पुढे वेलांटीला शेपूट निघायला लागलं. बस्ता हैदराबादला पाठवला. चेंडू तेवढा ठेवून घेतला. वस्तू अशी काढून घेता येत नाही हे माहीत होतं, म्हणून पाठवण्याआधी बस्त्यात एक कागद जोडला. माझ्या हातानं लिहिलेला पहिला पंचनामा:

"मौजे आदिलाबाद. अंगण पूर्वमुखी, घराला कुलूप. तुळस हिरवी आहे, पाणी पंच घालतो. चेंडू पंचापाशी आहे, रोज दाबतो. फेकणारा मीच होतो. तहकीकात पुरी झाली. गणपत मिस्त्री."