लेबलं काढलेल्या बारा बाटल्या

"बाराच्या बारा उघड्याबोडक्या करून ठेवल्यात. आता ओळखा म्हणावं म्हातारी कोण नि तरणी कोण," बेसिनमधून ओल्या लेबलांचा लगदा उपसत वहिनी पुटपुटल्या. शेजारी उभ्या असलेल्या दादांना नीट ऐकू जाईल इतक्याच हळू.

दादा घरामागच्या खोलीत बीअर बनवत. त्यातही बॉक त्यांच्या खास जिव्हाळ्याची. जर्मन पद्धतीची, तांबूस-काळी, अंगानं भरदार बीअर. आज यंदाच्या सहा बाटल्या आणि पाच वर्षं फळीवर मुरलेल्या सहा यांची तुलना व्हायची होती. पाच वाजता दुकानदार येणार होता. दोन्हींतला फरक दादांनी त्याला पटवून दिला, तर वर्षभराचा माल तो इथूनच उचलणार होता. तत्पूर्वी घरच्यांची रंगीत तालीम. लेबल वाचून कुणी शहाणपणा करू नये म्हणून दादांनी सगळ्या बाटल्या एकाच बादलीत भिजवून सोलल्या होत्या.

"आणि ओळखणार कशा?"

"नाकानं. वीस वर्षं बनवतोय."

वहिनींनी लगदा केराच्या टोपलीत टाकला. चार वाजता दोन बाटल्या उघडल्या गेल्या. दादांच्या धाकट्या बहिणीनं आणि वहिनींच्या भावानं दोन्ही ग्लासांतून घोट घेतले आणि एकमेकांकडे पाहिलं. दोन्हींची चव अगदी एकच होती, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी.

"फरक जाणवतोय ना?" दादांनी विचारलं.

"जाणवतोय की," भाऊ म्हणाला. "पण भावोजी, आणखी एक उघडून बघू."

तिसरी निराळी निघाली. काळ्या मनुकांची, जराशी जुन्या पुठ्ठ्याचीही. दादांनी ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले. "हं."

"हं म्हणजे कुठली, दादा?"

"तुम्ही आधी बोला. मी बोललो की तुम्ही माझीच री ओढता." आणि कुणी आपला चेहरा वाचू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तू बनवतोस, तूच सांग."

"छे. तुम्ही."

या आग्रहात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि दादांपासून दोन हातांवर करपलं. बहिणीनं नाकाला ओढणी लावली. भावानं पाऊल न वाजवता गॅस बंद केला, खिडकी उघडली.

"खिडकी कशाला?"

"उकडतंय, भावोजी."

"लक्ष ग्लासात ठेवा," दादा भिंतीला म्हणाले.

बरोबर पाचला दुकानदार आला. खुर्ची ओढून बसला, समोर वहिनींनी भरून ठेवलेले दोन ग्लास बघितले. "यातली जुनी कुठली?"

दादांनी दोन्ही ग्लास हुंगले. खांदे ताठ केले आणि डावीकडचा पुढे सरकवला. "ही. पाच वर्षांची. वास बघा नुसता."

भावाला ठसका लागला. बहिणीला एकाएकी नखांत काहीतरी दिसलं. दुकानदारानं ग्लास उचलला.

"ती ताजी आहे," वहिनी हात पुसत पुढे आल्या. "जुनी उजवीकडची. अहो, त्या तापानंतर तुम्हाला वास येत नाही. आठ महिने झाले, सगळ्या घराला ठाऊक आहे. यंदाची बॉक कधी बाटलीत भरायची, ते तुमच्या नकळत रोज चमचाभर चाखून मी ठरवलंय. सरका जरा, यांना मी सांगते."