दाराचा रकाना

म्हाळसाबाई दार मागायला आल्या, तेव्हा नीळकंठराव सबनीस मंडळाच्या फॉर्मवर शेवटचा हात फिरवत होते.

नीळकंठराव संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि जळोचीच्या ओंजळ सेवा मंडळाचे सचिव. मंडळाचं कार्यालय त्यांच्याच गॅरेजमध्ये होतं, त्यामुळे गाडी बारा महिने उन्हात तापायची. गरजूंना धान्यकपडे देणाऱ्या संस्था आसपास आणखीही होत्या, पण अडीच पानांचा फॉर्म फक्त यांच्याकडे होता. त्यात गरजांचे पाच रकाने: अन्न, वस्त्र, औषध, शिक्षण आणि भांडीकुंडी. पूर्वी सहावा ‘इतर’ असाही एक रकाना होता. पण त्यात लोक ‘सून उलटून बोलते’ असलं काहीही भरायला लागले, तेव्हा नीळकंठरावांनी तो काढून टाकला. शेवटच्या पानावर स्वयंसेवकांसाठी सूचना होत्या. त्यातली सातवी त्यांची विशेष लाडकी: ‘काही लाभार्थी संकोचापोटी आपण सुस्थितीत असल्याचे सांगतात. त्याकडे हसतमुखाने दुर्लक्ष करावे.’ इंदापूरच्या एका नव्या संस्थेनं हा फॉर्म जसाच्या तसा मागून नेला होता. त्या दिवशी नीळकंठराव दोन पोळ्या जास्त जेवले होते.

“दार?” त्यांनी चष्मा वर केला.

“व्हय सर. शेजारच्या दादासोची म्हस रोज पाठ घासायची त्याला. परवा दार घिऊनच खाली बसली.” म्हाळसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “दुसरं काय नगं. जुनंपानं चालंल. दार आसलं की मी मोकळी.”

नीळकंठरावांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. दार कुठेच बसेना. वस्त्र म्हणावं तर ते अंगावर घेत नाहीत, भांडं म्हणावं तर त्यात काही शिजत नाही. शेवटी त्यांनी अन्नाच्या रकान्यावर बरोबरची खूण केली. गरजू बाई रिकाम्या हातानं परत जाणं मंडळाच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहा किलो गहू, पाच किलो तांदूळ, तूरडाळ आणि तेल असं किट बाईंच्या घरी, कन्हेरीला पोचलं. म्हाळसाबाईंचा किट हातात घेतानाचा फोटो निघाला. फोटोत मागे दाराची रिकामी चौकट फार छान आली होती.

संध्याकाळपर्यंत गव्हाची बातमी आळीतल्या कोंबड्यांना लागली. मग शेळ्यांना. मग खुद्द दादासोंच्या म्हशीला. तिसऱ्या दिवशी म्हाळसाबाई पुन्हा हजर झाल्या आणि पुन्हा दार म्हणाल्या. नीळकंठरावांना मात्र त्यात स्पष्ट भांडीकुंडी दिसली. मंडळानं झाकणाची मोठी कोठी दिली.

आता घरात चोरण्यासारखी वस्तू आली. इतकी वर्षं त्या घरात चोर शिरला असता, तर काहीतरी ठेवूनच गेला असता. आता नव्याकोऱ्या कोठीवर सगळ्या आळीचा डोळा होता, आणि ती उघड्यावर टाकून म्हाळसाबाईंना खुरपायला जाता येईना. मजुरी बुडाली. मंडळाच्या पाहणीत कुटुंबाची परिस्थिती खालावल्याचं आढळलं. मदत दुप्पट झाली. चार लुगडी, दोन ब्लँकेटं, कुकर आणि आणखी एक कोठी आली. जितकी मदत येई, तितकं म्हाळसाबाईंचं घराबाहेर पडणं अवघड होई, आणि जितकं ते अवघड होई, तितकी त्यांची गरज नीळकंठरावांच्या आलेखात वर चढे. आलेख फार सुरेख होता. वार्षिक सभेत त्याला टाळ्या पडल्या.

मग एका शुक्रवारी म्हाळसाबाई आल्या आणि गॅरेजच्या पायरीवर बसल्या. घर त्यांनी तासाभरापुरतं दादासोंच्या भरवशावर टाकलं होतं, म्हणजे जवळपास म्हशीच्याच.

“सर, आयतवारी लेकीच्या लेकीचं बारसं हाय, इंदापुरात. आठ वर्सांनी पाळणा हललाय तिचा. बारसं म्हायेरातच व्हायचं, पर म्हायेराला दार न्हाय म्हून तिकडंच घेतलं. कुंची घिऊन मला गेलंच पायजे.” त्या थांबल्या. “तुमचं समदं सामान माघारी घ्या. पाया पडते.”

नीळकंठराव हादरले. दिलेली मदत परत घ्यायचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. शिवाय आलेख खाली आला असता.

नीळकंठरावांच्या पत्नी मालतीबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अहो, एक दार घेऊन द्या ना आपल्या खिशातून.”

“खिशातून?” नीळकंठराव म्हणाले. “सचिवच खिशात हात घालायला लागला, तर संस्था कशासाठी? व्यक्तिगत दयेनं संस्थात्मक काम खिळखिळं होतं, मालती.”

“बरं,” मालतीबाई शांतपणे म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या ‘बरं’ म्हणाल्या, की पुढं काहीतरी व्हायचं. “मग रविवारी यांना मी गाडीनं इंदापूरला नेते. आणि संस्थात्मक काम म्हणून तुम्ही यांच्या चौकटीत बसा.”

रविवारी सकाळी सातला नीळकंठराव कन्हेरीत, म्हाळसाबाईंच्या चौकटीत, मंडळाच्याच एका कोठीवर बसले. म्हाळसाबाईंनी जाताना त्यांना दोनदा निरखून पाहिलं. दार जरा वयस्कर होतं, पण काम भागण्यासारखं होतं. गाडी वळणाआड गेल्यावर नीळकंठरावांच्या लक्षात आलं, की आपला फोन गाडीतच राहिला.

आठ वाजता गार वारं सुटलं, म्हणून त्यांनी मंडळाचं ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळलं. नऊ वाजता दादासोंची म्हैस आली आणि जुन्या सवयीनं पाठ घासू लागली. नीळकंठराव तसूभर हलले नाहीत. त्यात शौर्यापेक्षा चौकटीचा अरुंदपणा जास्त होता. त्यांच्या सदऱ्याची बाही गेली, चष्म्याची एक काडी गेली, आणि अंगाला असा वास लागला की दहा वाजता आलेल्या शेळ्यांनी त्यांना घरचंच मानलं.

अकराच्या सुमाराला पांढरी जीप थांबली. त्यातून इंदापूरच्या त्या नव्या संस्थेचे ऋतिक आणि योगिनी असे दोन तरुण स्वयंसेवक उतरले. इंदापुरातले गरजू तिथल्या संस्थांनी आपापसांत वाटून घेतल्यामुळं ही संस्था गरजूंच्या शोधात बारामतीकडं सरकली होती. ऋतिकच्या हातात अडीच पानांचा फॉर्म होता. तो पाहून नीळकंठरावांचा ऊर भरून आला.

“बाबा, काय हवं-नको?” ऋतिकनं खाली बसत विचारलं.

“मला काही नको. मी ओंजळ मंडळाचा सचिव आहे. निवृत्त प्राध्यापक. आमचं जळोचीला स्वतःचं घर आहे.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग ऋतिकनं शेवटचं पान काढलं, बोट ठेवून सातवी सूचना वाचली, आणि दोघंही एकदम हसतमुख झाले.

“अहो, तुमच्या हातातला तो फॉर्म मीच केलाय!”

“व्हय बाबा,” योगिनी मायेनं म्हणाली आणि ऋतिकला हळूच म्हणाली, “औषधावर पण खूण कर.”

नीळकंठरावांनी एकवार ब्लँकेटकडं पाहिलं, बाहीकडं पाहिलं. आपण केलेली सूचना इतक्या काटेकोरपणे पाळली जाताना ते प्रथमच पाहत होते. सूचना निर्दोष होती. तिच्यातून सुटायला कुठेही वाट नव्हती.

“तरीपन एखादी गरज सांगा की बाबा,” ऋतिक म्हणाला.

म्हैस परत येताना दिसत होती.

“दार,” नीळकंठराव म्हणाले.

ऋतिकनं फॉर्म उलटा केला, सुलटा केला. “दाराचा रकानाच न्हाय ह्यात.”

“मग ‘इतर’मध्ये टाका.”

“इतर कुठंय?”

ऋतिकनं अन्नावर खूण केली आणि जीपमधून किट उतरवून पुढं ठेवलं. नीळकंठरावांनी किटावर हात ठेवला, सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि सही केली. सही इंग्रजीत आणि झोकदार आली, तेव्हा योगिनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कधीकाळी शिकलेला असणार बिचारा.

दुपारी चारला गाडी आली. टपावर दोरीनं बांधलेलं दार होतं. बारशात म्हाळसाबाईंनी दाराची हकिकत सांगितली, तर व्याह्यांनी जेवणाआधीच गोठ्याचं जुनं दार उतरवून दिलं. दादासोंनी म्हैस बांधून बिजागऱ्या ठोकल्या. वीस मिनिटांत दार बसलं. म्हाळसाबाईंनी ते चारदा उघडून लावून पाहिलं, आणि पाचव्यांदा लावून उद्याच्या खुरपणीचं विचारायला शेजारी निघूनही गेल्या. जाताजाता म्हणाल्या, “सर, ते तुमचं किट तेवढं घिऊन जावा. तुमच्या नावचं हाय.”

किट परत द्यायचा रकाना नव्हताच. दहा किलो गहू, पाच किलो तांदूळ, तूरडाळ आणि तेल नीळकंठरावांनी मांडीवर घेऊन जळोचीपर्यंत आणलं.

आंघोळ करून ते बाहेर आले, तेव्हा मालतीबाई पुढच्या दाराला कडी घालत होत्या. कडीनंतर त्यांनी वरचा बोल्टही सरकवला.

“दिवसाढवळ्या कशाला दार लावतेस?” नीळकंठरावांनी विचारलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “घरात किट आहे.”