सूचीत नसलेला कोड

वेंडेल हॉस्टेटरचं पार्सल टपालवाल्याने चुकून ऑर्विल डीट्रिकच्या दारात टाकलं, तिथून सगळं सुरू झालं. पार्सल अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं होतं. वरच्या प्लॅस्टिकच्या खिशातली पावती बाहेरूनच वाचता येत होती, आणि दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे ऑर्विलला ठाऊक असलं तरी डोळे काही ऐकेनात.

पावतीवर मालाचा कोड होता. सव्वीस, आणि पुढे झेड टी.

ऑर्विल जागीच थांबला. टांकसाळीचे कोड त्याला तोंडपाठ होते. पहिले दोन आकडे सालाचे, नंतरची अक्षरं मालाची. आर जी म्हणजे आरशासारख्या चकचकीत नाण्यांचा संच, आर जे म्हणजे बाजारात न फिरलेल्यांचा. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात कुणालाही कोड अडला की तो ऑर्विलकडे येई. एवढ्या एका गुणावर तो वर्षानुवर्षं मंडळाचा अध्यक्ष होता. झेड टी मात्र त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

आणि ते वेंडेलकडे यावं? वेंडेल मंडळात आला त्याला जेमतेम वर्ष झालेलं. एका सेंटला तो अजून पेनी म्हणे. "पेनी इंग्रजांची, आपला तो सेंट," असं ऑर्विलने त्याला चारचौघांत बजावलं होतं, तर तो हसून म्हणाला होता, "असेल बुवा, माझी आजी पेनीच म्हणायची." सगळे हसले होते. वेंडेल बोलला की लोक हसत, त्याच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी नसे. ऑर्विलला हे आताशा फार टोचू लागलं होतं. त्यात यंदाच्या निवडणुकीत कुणीतरी वेंडेलचं नाव पुढे करणार अशी कुजबुज होती.

त्याने पार्सल हळूच हलवलं. आत काहीतरी टणक वाजलं.

"ते देऊन ये ना त्याला," मर्ना, त्याची बायको, भांडी पुसता पुसता म्हणाली.

"देतो. पण त्याच्याकडे हे आलं कसं?"

"मागवलं असेल. तू नाही का मागवत?"

हे उत्तर ऑर्विलला मुळीच आवडलं नाही. त्याने टांकसाळीची विक्रीची सूची काढून पान न पान चाळलं. झेड टी कुठेच नव्हतं. सूची घरात आली की शेवटची भेटवस्तूंची पानं तो फाडून रद्दीत टाकी, कारण लहान मुलांच्या पिशव्या-डब्यांशी खऱ्या संग्राहकाचं काय काम, हे त्याचं ठाम मत. सेंट पाडणं सरकारने थांबवलं होतं हे जगजाहीर होतं, आणि शेवटच्या सेंटचा एखादा गुप्त संच निघणार अशी अफवा मंडळात फिरतच होती. ऑर्विलच्या मनात दोन्ही गोष्टींची सांगड बसली आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं.

पार्सल त्याने संध्याकाळी पोचवलं. वेंडेलने आभार मानून ते बायकोच्या हाती दिलं, उघडलंसुद्धा नाही. एवढा बेफिकीर माणूस म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय, अशी ऑर्विलची खात्री पटली.

पुढच्या आठवड्यात त्याने मंडळातल्या एकेकाला फोन करून सहज विचारल्यासारखं झेड टीबद्दल विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. उलट प्रत्येकाने त्यालाच विचारलं, हा कोड आला कुठून? वेंडेलच्या पार्सलवरून, असं त्याने सांगितल्यावर वेंडेलची टांकसाळीत ओळख आहे हे गावभर झालं.

निवडणुकीच्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी आणि शूफ्लाय हा काकवीचा गोड पदार्थ ठेवलेला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे वेंडेलभोवती. तो आपला म्हणत होता, मला काही माहीत नाही, बायकोने मागवलंय. जितकं नाकारी तितकं लोकांना खरं वाटे. शेवटी म्हाताऱ्या अल्माने, मंडळाच्या खजिनदार बाईने, ऑर्विलकडे मान वळवली.

"ऑर्विल, तू सांग. झेड टी म्हणजे काय?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वेंडेलच्या समोर? ऑर्विलने घसा साफ केला.

"झेड म्हणजे अखेरचं अक्षर. शेवटचा सेंट. टांकसाळ हे उघडपणे कबूल करणार नाही. फोन केलात तर भलतंच काहीतरी सांगतील."

मग टाळ्या वाजल्या, त्या वेंडेलसाठी. मतं मोजली तेव्हा अल्मानेही हात वेंडेलच्याच नावाला वर केला होता.

ऑर्विलने दोन दिवस कुणाशीही बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी नवे अध्यक्ष स्वतःच दारात उभे.

"ऑर्विल, मला तुझे फार आभार मानायचेत," वेंडेल खुर्चीत टेकत म्हणाला. "खरं सांगू? झेड टी म्हणजे नाताळच्या झाडाला टांगायची पितळी चांदणी रे. बायकोने सूचीच्या शेवटच्या पानावरून मागवली. झाडाला लावलीही होती. पण तू सांगितलंस, आणि कोडचं तुझ्याइतकं कुणाला कळतं? मी काढली आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. बायको बोलत नाहीये माझ्याशी."

चांदणी फक्त चांदणीच आहे, हे आता सांगायचं म्हणजे स्वतःचं अज्ञान कबूल करायचं.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"मंडळात सगळ्यांनीच मागवल्यात म्हणे. टांकसाळीतली फोनवरची मुलगी त्यांना म्हणाली, अहो, ही झाडाला टांगायची आहे. अल्मा म्हणाली, हो हो, आम्हाला सगळं माहीत आहे, तीच पाठव."

वेंडेल गेला. ऑर्विल खिडकीपाशी बसला. चांदणी आहे, नुसती पितळी चांदणी, त्याने मनाशी म्हटलं. मग लॉकर डोळ्यासमोर आला. वेंडेलचा. मग अल्माचं कपाट. त्याने टांकसाळीला फोन लावला आणि हळू आवाजात कोड सांगितला.

"माफ करा, तो माल संपला," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याच भागातून सगळी मागणी आली."

"काय झालं?" मर्नाने विचारलं.

"काही नाही," ऑर्विल फोन ठेवत म्हणाला. "सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेच तेवढी नाही."