विजेवरची गाडी आणि उताराचं अंगण

थोरल्यांनी वडिलांची जुनी गाडी विजेवर आणायची ठरवली, ती पेट्रोल परवडत नाही म्हणून, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण होतं धाकट्या भावाची कंबर. गाडी रोज सकाळी अडून बसायची आणि धाकटा वरच्या मजल्यावरून उतरून, चकार शब्द न काढता ती ढकलायचा. वडिलांच्या पश्चात दोघांचा अबोला याच गाडीवरून झालेला. ठेवायची की विकायची. ढकलून झालं की धाकटा कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. आरशात ते बघून थोरल्यांचा जीव तुटायचा, पण विचारणार कसं?

सुट्टीमागून सुट्टी घालवून त्यांनी इंजिन काढलं, मोटर बसवली, मागची सीट उपटून तिथे बॅटऱ्या रचल्या. बायकोनं हात टेकले.

अखेर तो दिवस उजाडला. थोरले गंभीर चेहऱ्यानं गाडीत बसले. धाकटाही सवयीनं मागे हात लावून उभा राहिला. थोरल्यांनी पहिला गियर टाकला आणि गाडी गुपचूप मागे निघाली. अंगणाला उतार होताच, म्हणून त्यांनी पाय आणखी दाबला.

"वहिनी," धाकटा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडला, "त्यांना सांगा, गाडी मागं येतेय!"

"अहो, गाडी मागं येतेय म्हणतायत भावजी."

"उतार आहे. जोर लाव म्हणावं त्याला."

"भावजी, जोर लावा."

"सगळा लावला! पाय घसरतायत म्हणावं!"

"अहो, त्यांचे पाय... अगं बाई, दूध!" वहिनी आत पळाली.

आता मध्ये निरोप्या उरला नाही. धाकट्याची पाठ भिंतीला टेकली.

"दादा, थांब!"

थोरल्यांनी करकचून ब्रेक दाबला. कित्येक वर्षांत ही हाक त्यांच्या कानावर पडली नव्हती. दार ढकलून ते खाली उतरले.

"लागलं का रे?"

"नाही." धाकट्यानं बॉनेट उघडून आत बघितलं. "मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यास."

"तुझ्या कंबरेसाठी केलं रे सगळं. ते इंजिन सुरू व्हायचं नावच घेईना."

"इंजिनाला काय धाड भरली होती? बॅटरीची तार सैल होती. आवळली की झालं."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीस?"

धाकट्यानं बॉनेट हळूच लावलं. "सांगितलं असतं, तर खाली कशाला आलो असतो?"

दूध उतरवून वहिनी धावत खिडकीत आली. "हं, भावजी, काय सांगू त्यांना?"

"काही नको," डोळे पुसत थोरले म्हणाले. "ऐकलं मी."