पाचवा पेला

निनियनला व्हिस्कीची भीती वाटायची. नुसत्या वासानेच तो नाक दाबून बाहेर पळायचा. पण शोनाशी लग्न करायचं तर तिच्या वडिलांसमोर बसून सिंगल माल्टचे पाच प्रकार चाखल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या टॉर्किलकाकांनी स्कॉटलंडच्या आयला बेटावर जन्मभर व्हिस्कीची पिंपं बांधली होती. ज्याला माल्ट कळत नाही त्याला मुलगी देणार नाही, असं ते चर्चच्या दारातसुद्धा ऐकवायचे.

रविवारी दुपारी आगीपाशी सगळ्यांचे पेले मांडले गेले.

"घाबरतोस काय असा? हलकीपासून सुरू कर," काका म्हणाले. "ही सखल भागातली. गवताचा वास येतोय?"

"येतोय ना, काका!"

काकांना खिडकीतून समुद्र बघत प्यायची सवय. शोना आणि तिची आई एफीकाकू याही तिकडेच बघत होत्या. ते बघून निनियनने पेला पायाजवळच्या टोपलीत रिकामा केला. टोपलीत पीटची, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीची, वाळलेली ढेकळं होती. त्यांनी व्हिस्की क्षणात शोषून घेतली.

"ही शेरीच्या पिंपातली. मनुका लागतात?"

"मनुकाच मनुका!"

तिसरी खारट, चौथी धुराची. दोन्ही टोपलीत गेल्या.

"आणि ही," काकांनी बाटलीवरून हात फिरवला, "शोना जन्मली तेव्हा मी बांधलेल्या पिंपातली. एकवीस वर्षं मुरलेली."

देवा रे, माफ कर, असं मनात म्हणत निनियनने तीही टोपलीत ओतली.

"पोरगं पाच पचवून ताठ बसलंय की!" काका खूश झाले आणि त्यांनी टोपलीतलं वरचंच ढेकूळ उचलून आगीत टाकलं.

भप्पकन जाळ उठला. काकांची अर्धी भुवई गेली आणि हात चांगलाच भाजला.

"अहो, नळाखाली धरा आधी!" एफीकाकू ओरडल्या. "डॉक्टरकडे न्यायला हवं. पण गाडी कोण चालवणार? सगळेच प्यायलोय!"

निनियन पेचात सापडला. बोलावं तर लग्न मोडतंय, गप्प बसावं तर काकांचा हात जातोय.

"मी... मी चालवतो."

"डोकं फिरलंय का तुझं?" शोना म्हणाली. "पाच पेले झालेत!"

"एकही नाही प्यायलो. सगळी टोपलीत आहे."

काका नळाखालचा हात विसरले. "एकवीस वर्षांचीसुद्धा?"

"तीच पेटली बहुतेक."

भाजल्यावरही काका इतके कळवळले नव्हते.

चौघं गाडीत बसले. निनियनने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. शोना आता त्याने दिलेली अंगठी काढून हातात देणार, याची त्याला खात्रीच होती. शेवटी काकांनी मागून विचारलं.

"एफी, लग्नकार्यांहून आपण घरी कसे येतो गं?"

"चालत. पावसात. सगळेच झिंगलेले. तुमच्या भावाच्या लग्नाला तर माझा एक बूट चिखलातच राहिला."

"हं," काका म्हणाले. "जूनमध्ये उरकून टाकू यांचं."

डॉक्टर गिलीसनी पट्टी बांधली. निनियनचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी कपाटातून व्हिस्कीची बाटली काढली. "घे बाबा, एक घोट. अगदी मधासारखी आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच निनियनला खरोखर प्यावीशी वाटली. त्याने पेल्याकडे हात नेला.

"खबरदार!" शोना, काकू आणि काका एकदम ओरडले.

"हात लावशील तर मुलगी मिळणार नाही!" काका म्हणाले.