जागेश्वरच्या डोंग्याचा धूर

हे कोणी खरं मानणार नाही, हे आधीच लिहून देतो. समोर शिंगाडे सोलत बसलेल्या शेजारच्या प्रेमिलावहिनींनी तर "सांगा, सांगा, आज कोनाचा नंबर?" म्हणत आत्ताच तोंड वाकडं केलं आहे. तरी एक सत्य सर्वमान्य आहे: देशाला जहाजं हवीत, जहाजांना इंधन हवं, आणि ते इंधन स्वच्छ हवं. म्हणूनच आमगावजवळच्या एका गावाला बंदराचा दर्जा मिळाला. (समुद्र कोणत्याही बाजूनं पाचशे किलोमीटरच्या आत येत नाही, पण उद्दिष्ट सगळ्या जिल्ह्यांना सारखं वाटून दिलं होतं, आणि समुद्राच्या गैरहजेरीसाठी जिल्ह्याला शिक्षा करणं न्यायाचं झालं नसतं.)

त्या गावच्या जागेश्वरला यातलं काही नको होतं. त्याला हवा होता डोंगा, साधी लाकडी होडी. त्याच्या बोडीत, म्हणजे धानाच्या बांध्यांवरच्या लहानशा तळ्यात, शिंगाड्याचा वेल दाट पसरला होता, आणि बापानं एकाच खोडातून कोरलेला डोंगा बुडाशी फुटला होता. दसऱ्याच्या आत दुसरा मिळाला नाही, तर शिंगाडे पाण्यातच सडणार. नवं खोड तोडू द्यायला जंगलखातं तयार नाही. तेवढ्यात 'जलवाहतूक स्वच्छ इंधन अनुदान योजना' आली: जुनं जहाज दाखवा, नवं घ्या.

अर्ज चौदा पानी. जहाजाची लांबी: बारा हात. कप्तान: जागेश्वर. खलाशी: जमुनाबाई (पत्नी, कप्तानाचं ऐकत नाही). भरती-ओहोटी: रोवणीला भरती, धान कापताना ओहोटी. 'जहाज कशावर चालते?' या रकान्यात त्यानं खरं तेच लिहिलं: पेजेवर. (सकाळी दोन लोटे पेज पोटात गेल्याशिवाय त्याच्यानं डोंगा ढकलायचा बांबू चिखलात रोववतच नाही.)

जिल्हा हरित नौवहन कक्षात खळबळ उडाली. धानापासूनचं द्रव इंधन! धूर शून्य, आवाज ढेकरेपुरता. तज्ज्ञांनी हिशेब मांडला: दर लोट्यामागे सव्वा एकर सागरी अंतर. (एकरानं अंतर मोजत नाहीत, हा आक्षेप किरकोळ म्हणून निकाली काढला.)

कक्षाचे इंद्रकुमारसाहेब सज्जन, पण नियमाला पक्के. म्हणाले, "अनुदान घाण इंधन सोडून स्वच्छ इंधनाकडे येणाऱ्याला आहे. तुम्ही तर आधीच स्वच्छ. आधी धूर दाखवा."

"चुलीचा चालंल का जी, साहेब?"

"जहाजावर पेटली असेल तर."

जागेश्वरनं धानाला पाणी द्यायचं डिझेल इंजिन फुटक्या डोंग्यावर बांधलं. जमुनाबाई बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, कंबरेवर हात ठेवून उभी.

"काऊन जी, डोक्शात पानी भरलं का? साफ डोंगा घान कायले करून रायले?"

"साफ कराले वो!"

"तो त साफच हाये!"

"म्हनूनच त अडून रायलं!"

इंजिन पेटलं. धूर असा निघाला, की वरून जाणारे बगळे कावळे होऊन उतरले. पंचनामा झाला, धूर 'समाधानकारक' ठरला, आणि त्या समाधानातच डोंगा इंजिनासकट बुडाला. साहेब डगमगले नाहीत. त्यांनी 'जहाज' खोडून 'पाणबुडी' लिहिलं. (पाणबुडीला अनुदानाचा दर वाढीव आहे.)

दसऱ्याला चार दिवस उरले होते. जागेश्वर कागद घेऊन कचेरीत गेला. साहेब जागेवर होते. संगणकाची लिंक सुरू होती. एकाच टेबलावर, एकाच चकरेत सह्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी नवाकोरा डोंगा बोडीत—

"बस करा, भाऊजी!" प्रेमिलावहिनींनी विळा खाली आपटला. "फेकाची बी हद असते! एका चकरेत कोनाचं काम झालं हाये जी? जागेश्वरभाऊचे शिंगाडे बोडीतच सडून रायले, मी सोता पायलं. म्हनून त हे बाजारातून आनले!"

पकडलं. कबूल. पण बंदर झालं, पाणबुडी झाली, तोवर वहिनी हूं हूं करत होत्या. आणि तुम्ही?