सर्जेरावांनी सीटा काढल्या

गाडी नवीन होती, सीटा धडधाकट होत्या, आणि तरीही सर्जेरावांना त्या नको होत्या. मधली तिघांची आणि मागची दोघांची, दोन्ही काढून टाका, असं त्यांनी वारज्याच्या अय्युबभाई गॅरेजवाल्यांना सांगितलं, तेव्हा पाना हातात घेण्याआधी अय्युबभाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"कॅम्पिंगला जायचंय," सर्जेराव म्हणाले. "तंबू, गाद्या, शेगडी. सामानाला जागा पायजे."

अय्युबभाईंनी तंबूकडे पाहिलं. तो पिशवीत होता, आणि ती पिशवी लग्नात आहेरात येणाऱ्या चादरीएवढी होती. पण गिऱ्हाईक जुनं, म्हणून ते बोल्ट सोडवायला लागले.

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते सर्जेराव आणि त्यांच्या पत्नी कुसुम या दोघांनाच ठाऊक होतं. वारजं महानगरपालिकेत गेलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, पण भावकीचा एक नियम काही बदलला नाही. गाडी रिकामी जाता कामा नये. सर्जेरावांनी चावी फिरवली रे फिरवली की गल्लीतून कुणीतरी पिशवी घेऊन निघालंच म्हणून समजा. आईंना, म्हणजे तुळजाबाईंना, देवाला जायचं असे, मुक्ताआत्याला दवाखान्यात, आणि चुलत्यांना कुठंच जायचं नसे, पण गाडी निघालीच आहे तर बसू म्हणून तेही बसत. लग्नानंतर नवराबायको महाबळेश्वरला गेली, तेव्हासुद्धा जीपच्या मागच्या बाजूला आई, आत्या आणि आत्याची जाऊ होती. कुसुमचा तिथला एकच फोटो आहे. त्यात ती आत्यांच्या चपला हातात धरून उभी आहे.

मुलगा नोकरीला बंगळूरला गेला त्या दिवशी कुसुम एवढंच म्हणाली होती, "या जन्मात एक रात्र आपण दोघंच कुठं तरी जाऊ. जमलं तर बघा." ती कधी काही मागत नसे, त्यामुळे सर्जेरावांच्या ते फार जिव्हारी लागलं. येत्या शनिवारी पानशेतच्या पाण्याकाठी तंबू ठोकायचा, असा त्यांनी शब्द दिला. आता थोरल्या माणसांना तोंडावर 'तुम्ही येऊ नका' म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती. सीटा काढायची मात्र होती.

पहिल्या दिवशी युक्ती झकास चालली. मुक्ताआत्या विश्रांतवाडीला लेकीकडे निघाल्या होत्या. सवयीनं मागचं दार उघडून त्यांनी एक पाय आत ठेवला, आत नुसता पत्रा पाहिला, आणि "अगं बाई, चोरी झाली वाटतं" म्हणून बसस्टॉपकडे वळल्या. सर्जेराव घरी येईपर्यंत शीळ घालत होते. कुसुमनं त्या संध्याकाळी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी थोरले चुलते आप्पासाहेब आले. त्यांनी गाडीत डोकं घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आयला, किती जागा झाली." तिथंच गाडं बिघडलं. दुपारपर्यंत गाडीत त्यांची कांद्याची पोती होती. मग मंडळाचे मांडवाचे पाइप आले, मग कुणाच्या तरी डोहाळजेवणाची पातेली. आधी लोक गाडीत यायचे, ते निदान आपल्या पायांनी उतरायचे तरी. पोती उचलून उतरवावी लागत. गल्लीत आता सर्जेरावांच्या गाडीला सगळे टेम्पोच म्हणायला लागले.

इकडे काढलेल्या सीटांपैकी दोघांची अय्युबभाईंकडेच राहिली, आणि तिघांची घराखाली पार्किंगमध्ये ठेवली होती. तिघांच्या सीटवर धाकटे चुलते दत्तोबा येऊन बसले. सीट मऊ होती, वारा चांगला होता, आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर डोक्यावर होती. दत्तोबा वर पाहून "सूनबाई, अर्धा कप" म्हणत, आणि कुसुम चहा देई. बुधवारपर्यंत त्यांच्या शेजारी आणखी दोघं बसायला लागले. शेवटी कुसुम एरवी न वापरायच्या स्वरात म्हणाली, की ही सीट इथून हलली नाही तर ती स्वतःच इथून हलेल. सर्जेरावांनी दोन गवंडी बोलावून सीट तीन जिने वर गच्चीवर चढवली आणि खाली विटा लावून पक्की बसवली. दत्तोबांना दम्याचा त्रास होता. ते एवढं चढणार नाहीत, हा हिशेब.

शनिवार उजाडला. आप्पासाहेबांच्या व्याह्यांकडे लोणी काळभोरला रात्रभर जागरण-गोंधळ होता आणि अख्खी भावकी तिकडं निघाली होती. त्यासाठी मिनीबस ठरलेली. सर्जेरावांनी आपल्याला जमणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मुहूर्तही मुद्दाम तोच साधला होता, म्हणजे पाहायला मागे कुणी नको. दुपारी चारला गाडीत तंबू, गाद्या, शेगडी आणि थालीपिठांचा डबा चढला. कुसुम पंजाबी ड्रेस घालून पुढं बसली. नव्या नवरीसारखी ती जरा लाजत होती, आणि सर्जेरावांनीही उगाच आरशात पाहून भांग नीट केला. त्यांनी चावी फिरवली.

आप्पासाहेब बोनेटसमोर उभे होते.

मिनीबस हडपसरहून निघालीच नव्हती. मालकाचा फोन लागत नव्हता. लोणीला पाहुणे खोळंबले होते.

"आप्पा, मी नेलं असतं हो," सर्जेराव आवाजात शक्य तेवढं दुःख आणून म्हणाले, "पण मागं सीटाच न्हाईत."

"न्हाईत तेच बरं झालं," आप्पासाहेब म्हणाले. "सीटा लई जागा खात्यात. सतरंजी टाकू."

सतरंजी आली. तिच्यासाठी तंबू उतरला, गाद्या मात्र बसायला बऱ्या म्हणून राहिल्या. मग माणसं चढायला लागली. पूर्वी या गाडीत मागं पाच जण अंग चोरून बसत. आता मांडी घालून, एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून, त्याच्या दुप्पट तरी मावले, आणि मुक्ताआत्या मध्येच आडव्यासुद्धा झाल्या. पोलीस पकडतील, असं सर्जेरावांनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यावर आत्या झोपल्या जागेवरून म्हणाल्या, "पकडूंदे. आम्ही सामान हाय म्हनून सांगू."

पुढच्या सीटवर आईंना बसवायचं ठरलं, कारण त्यांना मागं मळमळतं. कुसुम थालीपिठांचा डबा घेऊन उतरली. आप्पासाहेबांचा मुलगा श्यामसुंदर स्टिअरिंगवर बसला, कारण त्याला लोणीचा रस्ता माहीत होता. सर्जेराव स्वतःच्या गाडीबाहेर उभे राहिले. "तुमची दोघांची जागा व्हत न्हाय रे," आप्पासाहेब खिडकीतून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." दार लागेना, तेव्हा मागून कुणाला तरी उतरवलं आणि मग ते लागलं. कुणाला उतरवलं हे सर्जेरावांनी पाहिलंही नाही. ते रागानं जिना चढत होते.

घरात येऊन त्यांनी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत बायकोला एक रात्र देता आली नाही याची त्यांना खरोखर लाज वाटत होती, आणि तसं ते बोललेही. कुसुमनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आवाज ऐका."

"कसला?"

"कसलाच नाही."

खरंच नव्हता. आईंचा टीव्ही बंद होता. खाली आप्पासाहेबांकडे कुकरची शिट्टी नव्हती. गल्लीत हाका नव्हत्या. सगळी भावकी सर्जेरावांच्या गाडीत बसून लोणीला गेली होती, आणि जागरण असल्यामुळे सकाळपर्यंत येणार नव्हती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर्जेरावांनी जिन्यापाशी उतरवून ठेवलेला तंबू उचलला, कुसुमनं थालीपिठं घेतली, आणि दोघं गच्चीवर गेली.

तंबू उभा राहायला वेळ लागला, पण राहिला. समोर सिंहगडाची कड दिसत होती, खाली हायवेचे दिवे लागत होते. गाडीच्या सीटवर दोघं शेजारी शेजारी बसली, पायांवर एकच शाल घेऊन. या सीटवर आपण कधी बसलोच नव्हतो, हे सर्जेरावांच्या तेव्हा लक्षात आलं. ते कायम पुढं असत. कुसुमनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. "पानशेत काय वेगळं असतं," ती म्हणाली. महाबळेश्वरपासूनचं देणं फिटल्यासारखं सर्जेरावांना मोकळं वाटलं.

जिन्यात खोकला ऐकू आला. एक मजला, थांबून दम, दुसरा मजला, पुन्हा दम. मग गच्चीच्या दारात दत्तोबा उभे राहिले, एका हातात चपला, दुसऱ्या हातात लोणीला न्यायची पिशवी.

"दार लागंना म्हनून मलाच उतरावलं," ते म्हणाले. "खाली बसायला काय ठेवलंच न्हाय तुमी. सरका जरा."

सीट तिघांचीच होती. दत्तोबा मधे बसले, शालीचं टोक आपल्या गुडघ्यांवर ओढून घेतलं आणि थालीपिठाचा डबा मांडीवर ठेवला. "सूनबाई," ते सिंहगडाकडे पाहत म्हणाले, "अर्धा कप."

कुसुम उठली. जाता जाता सर्जेरावांच्या मागं क्षणभर थांबली आणि त्यांच्या कानाशी वाकून अगदी शांतपणे म्हणाली, "उद्या अय्युबभाईंकडे जा आणि पुढची डावी, माझी सीट पण काढून घ्या. अजून एक माणूस मावेल."